‘आबा, तुम्ही बसा’ म्हणू नका

(तळोदा येथील बैठकीत साठी ओलांडलेल्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत उसाचा भाव आहे, कापसाची खरेदी आहे, शेतीपंपांची वीज आहे. सर्वांत शेवटी ‘वयस्कांची तब्येत’ हा विषय आम्ही आग्रहाने घालून घेतला. तो वाचून एका तरुण कार्यकर्त्याने सकाळीच विचारले, “नाना, आता काय आपण हास्यक्लब काढायचा?” त्याचे काही चुकले नाही. शेतकऱ्यांच्या बैठकीत फिरायला जाण्यावर भाषण म्हणजे उपाशी माणसाच्या हातात दात कोरायची काडी देण्यासारखेच वाटणार. तरीही अर्धा तास आमचे ऐकून घ्या. मध्ये एकदा तुम्हाला जागेवरून उठायला सांगणार आहोत, तेव्हा रागावू नका.

आमच्यातले जे थोरले आहेत ते १९७२ च्या दुष्काळात ऐन विशीत होते. त्या वर्षी त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, बांध घातले, रस्त्यावर मुरूम टाकला आणि मिळालेल्या सुकडीवर दिवस काढले. त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे नांगर, वखर, कोळपे, पाणी भरणे सुरूच होते. या माणसांना कोणी ‘व्यायाम करत जा’ असे म्हटले असते तर ती थट्टा ठरली असती. साखरेचा आजार आणि हृदयविकार ही गादीवर बसणाऱ्या शेठजींची दुखणी, अशी आमची पक्की समजूत होती. शेतकऱ्याला मारायला कर्ज आहे, साप आहे, मोटरीचा शॉक आहे. त्याला हार्ट अटॅकची गरज काय, असे आम्ही हसत म्हणत असू.

तो विनोद आम्ही आता सोडून दिला आहे. आमच्यातल्याच एका भावाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तो इथेच बसला आहे. अंगाने काटकुळा. बासष्टाव्या वर्षापर्यंत स्वतः शेतात उभा राहणारा. मग केळीला ठिबक आले, बोअरला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसला. बैलजोडी कालिकामातेच्या यात्रेतल्या बाजारात विकली ती पुन्हा घेतली नाही. ट्रॅक्टर मुलाच्या हातात गेला. मुलगा चांगला, सूनही चांगली. दोघे म्हणाले, “आबा, आयुष्यभर राबलात, आता तुम्ही बसा.” आबा बसले. चार वर्षांनी एका पहाटे छातीवर कोणी पोते ठेवल्यासारखे झाले, दरदरून घाम फुटला. गॅस झाला असेल म्हणून घरच्यांनी ओवा दिला, सोडा पाजला, त्यात दोन तास गेले. मग नंदुरबार, तिथून सुरत. जीव वाचला, दोन स्टेंट बसल्या, उसाचे एका हंगामाचे बिल तिकडेच जिरले. तपासणीत असेही निघाले की रक्तात साखर वाढलेली आहे आणि ती आजची नाही, काही वर्षांची आहे. “मी बिडी ओढली नाही, दारूला शिवलो नाही, वजन बावन्न किलो. मग मला कसे झाले?” हा प्रश्न तो भाऊ अजून विचारतो.

आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्हाला जे सापडले ते. आम्ही डॉक्टर नव्हेत. जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतले आणि स्वतःवर करून पाहिले तेवढेच सांगतो.

आधी आकडे, कारण आपल्या बैठकीत आकड्यांशिवाय कोणी ऐकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर मधुमेहाची मोठी पाहणी केली. तिच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, झारखंड, चंदीगड यांच्याबरोबर आपला महाराष्ट्रही होता. माणसे अंगमेहनत किती करतात हेही त्यात विचारले होते. १४,२२७ लोकांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. शंभरांत ५४ माणसे पुरेशी हालचाल न करणारी निघाली. शहरातली म्हणाल तर ६५, ते आम्ही समजू शकतो. पण खेड्यातली? शंभरांत ५०. वीस वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरून खेड्यातला दर दुसरा माणूस. पुढे २०२३ साली याच पाहणीचा देशभराचा आकडा आला: दहा कोटींवर लोकांना मधुमेह. शहरात शंभरी १६, खेड्यात ९. म्हणजे आपण अजून मागे आहोत असे समाधान करून घ्यायला जागा आहे. पण त्याच कागदावर दुसरा एक रकाना आहे. ज्यांची साखर अजून आजारापर्यंत गेली नाही पण काठावर आली आहे, अशांचा. तिथे शहर आणि खेडे यांच्यात फरकच नाही. दोन्हीकडे शंभरी पंधरा. शहर पुढे गेले आहे आणि आपण त्याच वाटेवर मागून चालत आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

हे कसे झाले ते समजायला एक साधे गणित करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. बैलाच्या नांगराचे तास नऊ इंचाचे धरले तर एक एकर नांगरायला नांगऱ्याला ५८,०८० फूट चालावे लागते. म्हणजे साडेसतरा किलोमीटरच्या वर, आणि त्यात बांधावरची वळणे धरलेली नाहीत. तेही डांबरी रस्त्यावर नव्हे, ढेकळांतून, रुमणे दाबून धरत. ट्रॅक्टर तेच एकर तास-दीड तासात उरकतो आणि चालवणारा सगळा वेळ बसून असतो. शेतकरी होता तिथेच आहे, जमीन तीच आहे, सातबाऱ्यावर नावही तेच आहे. साडेसतरा किलोमीटर मात्र गेले. रात्री-बेरात्री उठून पाणी धरायला जाणे गेले, बैलांना चारापाणी करणे गेले, शेण काढणे गेले, कडबा वाहणे गेले. गावातून शेतात पायी जाणे गेले, मोटारसायकल आली.

आता कोणी म्हणेल, हे यंत्राविरुद्ध बोलत आहेत. मुळीच नाही. ज्याने रुमणे कधी हातात धरले नाही तोच बैलनांगराची गोडी गातो. आमच्या कमरेला विचारा. यंत्र आले ते बरे झाले, उशिराच आले. आमचे म्हणणे इतकेच की यंत्राने जी मेहनत वाचवली तिचा हिशेब कुठे लागला नाही. कामाबरोबर चालणेही गेले आणि त्याच्या जागी काय ठेवायचे याचा विचार कोणी केला नाही. तिथे आम्ही प्लास्टिकची खुर्ची ठेवली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी एक उद्योग केला. आठ दिवस प्रत्येकाने वही ठेवली आणि किती वेळ बसलो, किती वेळ आडवे झालो, किती वेळ पायावर होतो ते खरे-खरे लिहिले. आम्हाला वाटत होते की आपण दिवसभर काही ना काही करत असतो. वहीने तोंडघशी पाडले. सकाळी ओट्यावर चहा आणि पेपर, मग मोटारसायकलवर चौकात, चौकात पुन्हा चहा आणि राजकारण, घरी जेवण, दुपारी खाटेवर, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर किंवा टीव्हीपुढे. रात्रीची झोप सोडून दहा-अकरा तास आम्ही बसलेले किंवा आडवे होतो. सलग चालणे एकाचेही अर्धा तास भरले नाही. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, चार म्हाताऱ्यांची वही आहे. पण घरी जाऊन तुम्हीही आठ दिवस लिहून पाहा.

बसण्याने हृदय बिघडते हे ओळखले गेले तेसुद्धा आपल्या ओळखीच्याच माणसांवरून: बसचा ड्रायव्हर आणि बसचा कंडक्टर. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. तिथल्या बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटे फाडणार. घर त्याच वस्तीत, पगारही फारसा वेगळा नाही. १९५३ साली मॉरिस यांनी हजारो कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. ड्रायव्हरांना हृदयविकार कंडक्टरांपेक्षा बराच जास्त, आणि पहिल्याच झटक्यात दगावणारे तर जवळजवळ दुप्पट. गाडी चालवण्याच्या ताणाने असेल, अशी शंका कोणी काढू नये म्हणून त्यांनी पोस्टातली माणसेही तपासली. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन ठीक होते, टेबलाशी बसणारे कारकून नव्हते. हे डॉक्टर स्वतः ९९ वर्षे जगले, २००९ साली वारले. आपल्या एसटीच्या कंडक्टरला हे सांगितले तर तो म्हणेल, पायांचे काय? तेही खरे आहे, त्याकडे येतोच.

बसल्याने आत काय होते ते उसाच्या भाषेत सांगतो. आपण भाकरी खा, भात खा, चहा प्या, सगळ्याची शेवटी साखर होते आणि ती रक्तात येते. ही साखर गाळणारा कारखाना म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या, कारण अंगातले सर्वांत मोठे स्नायू तेच. स्नायू चालू असले की साखर रक्तातून उचलली जाते. आपण बसलो की कारखाना थंड पडतो. जेवण मात्र तीन वेळा आणि चहा पाच वेळा, म्हणजे गाड्या येतच राहतात. यार्डात रांग लागते. तीच रक्तातली साखर. इन्सुलिन म्हणून जो रस शरीर बनवते ते टोकन समजा. टोकन असले तर गाडी आत घेतात. बसून राहणाऱ्याच्या शरीरात हळूहळू असे होते की टोकन दाखवले तरी दार उघडत नाही. मग शरीर आणखी टोकने छापते, आणखी छापते, आणि एक दिवस छापखाना थकतो. या भानगडीत चरबी यकृतात साठते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्यांत थर बसतात. साखर आणि हृदयविकार ही दोन वेगळी दुखणी आहेत असे आपण समजतो, पण मुळाशी पुष्कळदा एकच बंद कारखाना असतो.

यात एक मोठी सोय निसर्गाने ठेवली आहे. स्नायू प्रत्यक्ष हलत असले की ते टोकन नसतानाही साखर आत ओढतात. मागचे दार उघडते म्हणा. म्हणून ज्याचे टोकन चालेनासे झाले आहे त्यालाही चालण्याचा उपयोग होतो. आणि त्यासाठी पळावे लागत नाही, जिममध्ये जावे लागत नाही.

पण बावन्न किलोच्या माणसाला हे का व्हावे? याचे उत्तर आपल्याला पुण्याने दिले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास चालवला. शेतकऱ्यांच्याच बाया. लेकरे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपले लेकरू दिसायला लुकडे, पण त्याच्या अंगात कमी पडला होता तो स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत होती. बाहेरून बारीक, आतून चरबीचे. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि आपल्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची आणि वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मित्राची ९ टक्के, याज्ञिकांची २१ टक्के. काटा दोघांना सारखेच निरोगी म्हणत होता.

नंदुरबार जिल्ह्यात हे ऐकून कोणाच्याही पोटात खड्डा पडावा. कुपोषण म्हटले की आपल्या जिल्ह्याचे नाव निघते. जो पोटात असताना आणि लहानपणी अर्धपोटी राहिला, त्याचा स्नायूंचा कारखाना मुळातच लहान क्षमतेचा. तो दिवसभर राबत होता तोवर लहान कारखानासुद्धा पुरत होता. तो बसला की लगेच यार्ड भरते. शेठजीला बसायला पिढ्या मिळाल्या, आपल्याला एकाच आयुष्यात उपासमारही मिळाली आणि खुर्चीही. आपल्या त्या भावाचे वजन बावन्नच राहिले हे खरे. पण चार वर्षांत मांड्या वाळल्या आणि तेवढेच पोट आले. काटा तोच आकडा दाखवत राहिला. म्हणून काट्यापेक्षा सुतळी बरी: बेंबीपाशी घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर किंवा बाईचा ८० च्या वर गेला तर अंगाने कितीही काटकुळे असलात तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी फुकट होते.

आता ‘आराम करा’ या शब्दाविषयी. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. दुसरे काही केले नाही. तीन आठवड्यांनी त्यांचा दम मोजला तर तो भराभर उतरला होता. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजले. सगळे पन्नाशीचे झालेले, वजने वाढलेली. तर असे दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जितका घटला नव्हता, तितका त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटला होता! पुढे सहा महिने त्यांना हळूहळू चालणे, सायकल, असा सराव दिला आणि वयाने गेलेला दम बहुतेक सगळा परत आला. म्हणजे आपण ज्याला म्हातारपण म्हणतो त्यातला मोठा हिस्सा बसण्याचा आहे, आणि तो परत मिळवता येतो.

आपल्याकडे पाहुणा आला की पहिला शब्द ‘या, बसा’. मान द्यायचा म्हणजे बसायला द्यायचे. बापाला काम करू दिले तर गाव मुलाला नावे ठेवते. या मानापोटीच आपण घरातल्या म्हाताऱ्याला खाटेला बांधून घालतो. मुलांना आमची विनंती आहे, बापाला ओझी उचलायला लावू नका, उन्हात फवारणीला पाठवू नका. पण त्याच्या हातचे सगळे काढून घेऊ नका. ठिबकच्या नळ्या कुठे तुंबल्या ते ओळीओळीने फिरून पाहणे हे त्याच्या वयाला शोभणारे काम आहे, आणि तो ते तुमच्यापेक्षा चांगले करील.

आता सगळ्यांनी जरा उभे राहा. खुर्चीचा आधार न घेता. दोन मिनिटे तिथल्या तिथे पाय हलवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी टाचा वर-खाली कराव्यात.

(सर्वजण उभे राहिले.)

मगाशी खुर्चीला नावे ठेवली, त्याचे कारण सांगतो. बसणे आपल्या बापजाद्यांनाही ठाऊक होते. तेही तासन् तास गप्पा मारत बसत. आफ्रिकेत टांझानियात हाडझा म्हणून शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. त्यांच्या अंगावर यंत्रे लावून मोजले, तो निष्कर्ष २०२० साली आला. तेही दिवसाचे जवळजवळ दहा तास विश्रांती घेतात. पण उकिडवे, गुडघ्यांवर, जमिनीवर. खुर्चीत सारे अंग सैल पडते, उकिडवे बसताना पाय थोडे तरी कामावर असतात. आपणही असेच बसत होतो. पंगतीला मांडी, चुलीपुढे पाट, शेतात बांधावर उकिडवे, आणि दर वेळी जमिनीवरून उठणे. ब्राझीलमध्ये पन्नाशीच्या पुढच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितले; हाताचा, गुडघ्याचा आधार किती घ्यावा लागतो त्याला गुण दिले. पुढच्या वर्षांत ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यातले जास्त लोक दगावले. २०१२ साली हे छापून आले. आपल्या घरात ही परीक्षा दिवसातून वीस वेळा होत होती. आता टेबल आले, कमोड आला, ज्यांचे गुडघे गेले त्यांना ते हवेच. ज्यांचे शाबूत आहेत त्यांनी मात्र निदान एक जेवण जमिनीवर ठेवावे.

आमच्यातले काही दर दिवाळीला अस्तंब्याला जात. तळोद्यातून कोठार, तिथून पुढे डोंगर, चार हजार फुटांहून उंच शिखर. मागल्या खेपेला त्यातले तिघे कोठारलाच थांबले. कारण विचारले तर म्हणाले, वय झाले. त्याच वाटेवर आमच्याच वयाची पाड्यावरची म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आम्हाला मागे टाकून गेली. तिचे वय झाले नव्हते काय? सरदार सरोवरात गावे बुडाली तेव्हा डोंगरातली माणसे आपल्या तालुक्यात सोमावल, रोजवा या भागात सपाटीवर येऊन राहिली. त्यांच्यातले जुने लोक बोलतात ते ऐका: वर होतो तेव्हा दम लागत नव्हता. अर्थात वरचे सगळे सोन्याचे होते असे आम्ही म्हणणार नाही. दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता. पाय चांगले होते आणि बाळंतिणी मरत होत्या, दोन्ही एकाच वेळी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या मंडपात सगळेच बसणारे नाहीत. ऊस तोडणारा, केळीचे घड वाहणारा, दुसऱ्याच्या शेतात निंदणारी साठीची बाई, यांना ‘हालचाल वाढवा’ म्हणणे हा निर्लज्जपणा होईल. कष्ट आणि व्यायाम एक नव्हे. नेदरलँडच्या संशोधकांनी २०१८ साली निरनिराळ्या देशांतल्या जवळजवळ दोन लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत लवकर मरण येण्याचे प्रमाण शंभरी १८ ने जास्तच निघाले. नेमके का, यावर अजून वाद आहे. पण मोळी वाहणाऱ्याला विसावा स्वतःच्या मर्जीने घेता येत नाही, आणि आठ तास एकच ओझे उचलून हृदयाला दम मिळत नाही, एवढे तर कोणालाही कळते. त्याला हवी विश्रांती, पुरेसे अन्न आणि मजुरी. आमचे भाषण त्याच्यासाठी नाही. त्याचे काम यंत्रावर गेले आणि तोही खाटेवर आला, की मग त्याच्यासाठी आहे.

मायबहिणींचे थोडे वेगळे आहे. बाई एका जागी बसत नाही. उठते, चुलीकडे जाते, भांडी, अंगण, पुन्हा ओटा. दिवसभराच्या या उठबशीला आपण कधी काम म्हटले नाही, व्यायाम तर नाहीच. सून आली की सासूचेही हेच होते: “आई, तुम्ही बसा.” मालिका रात्री अकरापर्यंत चालतात. माहेरी जाते कोण, पाणी शेंदते कोण?

मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले त्याचा सारांश असा: वयस्क माणसानेही आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे जरा दम लागेल असे चालावे, दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे, तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, म्हणजे पडून कंबरेचे हाड मोडत नाही, आणि बसणे कमी करावे. किती दम? बोलता यावे, गाता येऊ नये, इतका. दहा हजार पावलांच्या आकड्याने घाबरू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावले मोजायच्या एका यंत्राला दिलेल्या नावातून आला, कोणत्या दवाखान्यातून नव्हे.

आमच्या मते आपल्या माणसासाठी दोन गोष्टी सर्वांत सोप्या. एक, जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. २०१३ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या, साखर काठावर असलेल्या माणसांवर हे करून पाहिले. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालले की दिवसभराची साखर खाली राहते, आणि रात्रीच्या जेवणानंतरची वाढ रोखायला तर ते एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा सरस ठरले. यार्डात गाड्या येतात नेमक्या त्याच वेळी कारखाना सुरू करायचा, दुसरे काय! आमच्यातले दोघे रात्री जेवून गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत जाऊन येतात. पहिले आठ दिवस लोकांनी विचारले, काही हरवले का? आता विचारत नाहीत. दोन, अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसायचे नाही. उठायचे, दोन मिनिटे फिरायचे, पाण्याचा तांब्या स्वतः आणायचा. सकाळी तासभर फिरून आलो म्हणून दिवसभर पारावर बसायची मोकळीक मिळते का? दहा लाखांवर लोकांचा हिशेब २०१६ साली निघाला, त्यात दिवसाला तास-सव्वा तास भरभर चालणाऱ्याचे आठ तास बसणे बरेच फिटते असे दिसले. पण त्याहून कमी चालणाऱ्याचे फिटत नाही. तुम्ही तेवढे चालणार असाल तर खुशाल बसा.

थोडी सावधगिरी. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा, आणि अनवाणी चालू नये. पायाला लागलेले कळत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने खाटेवरून एकदम उठू नये. चालताना छाती भरून येत असेल आणि थांबले की बरे वाटत असेल तर ती हृदयाची चिठ्ठी आहे, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे चालू नका. आणि बसल्याजागी छातीत, जबड्यात, डाव्या हातात कळ आली, घाम फुटला तर ओवा-सोडा करत बसू नका, १०८ ला फोन करा. चांदसैली घाटाच्या वरच्या पाड्यांतून अजून माणूस बांबूच्या झोळीत खाली आणावा लागतो. तिथे प्रत्येक मिनिट दुपटीने मोजा. त्या रस्त्याचा विषय आपण पुढच्या बैठकीत वेगळा घेणार आहोत.

आमचा एक ठराव आहे आणि तो आजच मंजूर करून घ्यायचा आहे. यापुढच्या बैठकांत दर अर्ध्या तासाने सर्वांनी उठायचे, वक्ता कितीही मोठा असला तरी. त्याची सुरुवात आत्ताच. चहा मंडपात आणून मिळणार नाही. तो पलीकडे, बाजार समितीच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली ठेवला आहे. साखर कमी घातली आहे. तक्रारी परत आल्यावर ऐकू.